आत कोणी आहे का

"आत कोणी आहे काऽऽ?"

हा मोरेश्वरकाकांचा आवाज. काटोलच्या शीतगृहाचं ते जाडजूड दार लावायच्या आधी काका रोज उंबऱ्यावर उभे राहून अशी हाक घालत. भजनी मंडळात बसणारा माणूस, त्यामुळे हाकेलाही सूर असे. शेवटचा ‘का’ लांबत लांबत संत्र्यांच्या पेट्यांमधल्या बोळांतून आत शिरे, पार मागच्या भिंतीला टेकून गार होई आणि परत येई. मग काका दार लोटत. आश्लेषाचे बाबा तिथे थंडाव्याची मशीनं सांभाळायचे आणि शाळा सुटली की ती दप्तरासकट तिकडेच जायची. बाहेर पत्र्याच्या मांडवाखाली बाया संत्री निवडत बसलेल्या असत. सालीचं तेल लागून त्यांची बोटं चकाकत, आणि हाताच्या लयीत कुणीतरी एक ओवी सोडून देई, दुसरी ती उचलून धरी.

दूरदेशी दिली लेक, तिथं कसं ऊन गं
सांगून धाडते बाई, बरं आहे म्हणून गं

त्या लेकीला खरंच बरं आहे की नाही, हे त्या बायांना ठाऊक नसे, आणि ठाऊक असावं असं त्यांना वाटतही नसावं. ओवी संपली की पुढचं संत्रं.

कितीतरी वर्षांत न आठवलेली ती हाक आश्लेषाला ऐकू आली ती रेडमंडमध्ये, विनीता आणि गिरीशच्या घरी, हातात पुलावाचा डाव असताना. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या, शंतनूच्या, निरोपासाठी सगळे जमले होते. महिनाअखेरीची तिकिटं झाली होती, पुण्यात बाणेरच्या फ्लॅटचे पडदेसुद्धा ठरले होते, आणि कुणीतरी शंतनूला विचारलं, अरे, चांगलं चाललेलं सगळं सोडून का निघालास? शंतनू हसला. त्याचं हसणं स्वच्छ होतं. त्या हसण्यात कधी काही लपवलेलं नसे. म्हणाला, "खरं सांगू? मी एकटा असतो ना यार, तर इथेच राहिलो असतो. आय लव्ह इट हिअर. पण पहिल्या हिवाळ्यात हिला शब्द दिला होता, ग्रीन कार्ड झालं की परत जाऊ. शब्द म्हणजे शब्द. हिच्यासाठी चाललोय." पुरुषांनी एकच जल्लोष केला. विनीता ओरडली, "आशू, किती लकी आहेस गं! आमचा हा साधं दूध आणायचा शब्द पाळत नाही!" सगळे हसले, आश्लेषाही हसली, "हो ना," म्हणाली. आणि त्याच क्षणी कानाच्या अगदी आतून तो लांबलेला ‘का’ आला. तिचा हात हलला, डावातली शितं गालिच्यावर सांडली. वाकून ती एकेक शीत वेचत राहिली.

आता ती अलास्कात, एका हिमनदीच्या पाठीवर चालत होती. जायच्या आधी अलास्का बघायचं राहिलंय, असं इथून परतणारे सगळेच म्हणतात. शंतनूला तर फोटोंचं वेड. त्याने लेबर डेची सुट्टी साधून बर्फाच्या गुहेची फोटोग्राफी टूर शोधून काढली होती. लेकीला, अनयाला, विनीताकडे ठेवलं होतं. सकाळीच फोनवर ती म्हणाली, "आई, डिड यू सी अ बेअर?" आणि नाही म्हटल्यावर, "देन व्हॉट आर यू डूइंग देअर?" अँकरेजहून व्हॅन निघाली तेव्हा रस्त्याच्या कडेची बर्चची झाडं नुकती पिवळी पडू लागली होती. मग झाडं संपली, दगडगोट्यांचं मैदान आलं, आणि त्या मैदानाच्या टोकाला, राखेत लोळून उठलेल्या एखाद्या प्रचंड जनावरासारखी ती हिमनदी पसरलेली दिसली. लांबून मळकट. जवळ गेल्यावर मळाच्या खालून काचेसारखी. लिंडा नावाची, करड्या वेणीची उंच बाई त्यांची गाइड होती. तिने सगळ्यांच्या बुटांना लोखंडी दात्यांचे सांगाडे बांधायला दिले, डोक्याला हेल्मेटं दिली आणि बदकासारखं पाय फाकवून चालायला शिकवलं. पहिल्याच उतारावर आश्लेषाचा दाता पॅंटमध्ये अडकला आणि ती म्हणाली, "अगं आई गं!"

"घ्या!" मागून कुणीतरी बोललं. "मी म्हटलं, हा बर्फ आपल्याकडचाच दिसतोय!"

त्या कांचनकाकू. मूळच्या साताऱ्याच्या, एकाहत्तर सालापासून न्यूजर्सीत, आयसेलिनजवळ राहणाऱ्या, निवृत्त भूलतज्ज्ञ. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले आणि त्यांचा कॅमेरा काकूंच्या गळ्यात आला. तेव्हापासून त्या एकट्याच अशा सहलींना जातात. "ह्यांनी जन्मभर माझे डोळे मिटलेले फोटो काढले," काकू म्हणाल्या, "आता मी डोंगरांचे काढते. डोंगर पापणी लववत नाहीत, ते बरं." मग लगेच चौकशी. कुठले, कधी आलात, मूल किती. शंतनूने परत जात असल्याचं सांगितलं. काकूंनी भुवया उंचावल्या. "वा. आम्ही दर दिवाळीत ठरवायचो. फराळ संपेपर्यंत ठराव टिकायचा." आणि आश्लेषाकडे वळून, "तू काय करतेस गं?"

"शी इज विथ द स्कूल डिस्ट्रिक्ट," शंतनू म्हणाला. तो खोटं बोलत नसे. हे खरंच होतं.

"काय शिकवतेस?"

"शिकवत नाही," आश्लेषा म्हणाली. "बस चालवते. शाळेची, पिवळी."

काकू थांबल्या. बर्फात काठी रोवून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिला बुटांपासून हेल्मेटपर्यंत न्याहाळलं. "ती लांबलचक? एवढीशी तू? अगं, मागचं टोक वळलं की नाही हे कळतं तरी कसं?"

"आरशात दिसतं. आणि पाठीला कळतं."

"पाठीला कळतं!" काकू खूश झाल्या. शंतनूही हसला, अभिमानानेच हसला, पण हसता हसता म्हणाला, "काकू, फक्त माझ्या आईला सांगू नका हं. तिला अजून लायब्ररीत जॉब आहे असं वाटतं." तो हे नेहमी असंच, गमतीने सांगे. त्यात वाईट काही नव्हतं. फक्त प्रत्येक वेळी आश्लेषाला वाटे, आपल्या अंगावरून कुणीतरी हलक्या हाताने एक चादर ओढली आहे, झोपलेल्या माणसावर ओढतात तशी, मायेने, तोंडापर्यंत.

पाठीला कळतं, हे तिला तरी कधी कळलं? २००१च्या नोव्हेंबरात ती आली तेव्हा रेडमंडला पाऊस होता. तो गावाकडच्यासारखा येत नसे आणि जातही नसे. भिंतीत ओल असावी तसा हवेत नुसता असे. शंतनू अंधारात ऑफिसला जाई, अंधारात येई. तिच्या व्हिसावर काम करता येत नव्हतं, गाडी चालवता येत नव्हती, फुटपाथ कॉम्प्लेक्सच्या फाटकापाशी संपे. दुपारी ती खिडकीशी उभी राहून पार्किंगमधल्या गाड्या बघे आणि गाड्या बघून थकली की न्हाणीघरात नळ सोडून रडे, कारण शेजारच्या घरापर्यंत आवाज जाईल असं तिला वाटे. शेजारच्या घरात कुणी राहत नाही, हे तिला फार पुढे समजलं. फोनवर आई विचारी, कसं आहे गं तिकडे? ती म्हणे, बरं आहे. मजेत आहे. ऊन आहे ना? आहे की. आणि फोन ठेवून शंतनूला म्हणे, मला घरी जायचंय. रोज. जेवताना, भांडी पुसताना, झोपेतसुद्धा. एका रात्री त्याने तिचे दोन्ही तळवे आपल्या हातात धरले, ते गार होते, आणि म्हणाला, "जाऊ. ग्रीन कार्ड झालं की जाऊ. माझा शब्द." त्या शब्दाला धरून ती झोपली. पुढची सगळी वर्षं ती त्याच शब्दाला धरून झोपत राहिली, जसं लहान मूल पदराचं टोक धरतं आणि पुढे आई उठून गेली तरी मूठ मिटलेलीच राहते.

मग ते दुखणं कधी गेलं? जाताना ते सांगून गेलं नाही. अनया झाली. एका वसंतात पार्किंगमधल्या चेरीला फुलं आली आणि तिच्या लक्षात आलं की आपण मागच्या वर्षीच्या फुलांशी त्यांची तुलना करतो आहोत, गावाकडच्या कशाशी नाही. कार्ड अजून वाटेत असतानाच कामाची मुभा आली, आणि शाळेच्या फाटकावर चालक पाहिजेत अशी पाटी दिसली, प्रशिक्षण आम्ही देऊ. ती गंमत म्हणून गेली. डेपोच्या ग्लोरियाने तिला त्या उंच आसनावर बसवलं. चाक तिच्या कवेएवढं होतं. किल्ली फिरवल्यावर तळव्यांतून, कोपरांतून, बरगड्यांतून जी थरथर वर चढली ती तिला ओळखीची वाटली. बाबांच्या मशीनघराच्या भिंतीला पाठ लावून बसलं की अशीच थरथर पाठीत शिरे. आता पहाटेच्या काळोखात, पहिल्या थांब्याच्या आधी, रिकामी बस घेऊन ती ओल्या रस्त्याने निघे, वायपर डावीकडे उजवीकडे पाणी लोटत असत, मागे सगळी आसनं नुसती वाट पाहत असत, आणि त्या वेळी तिला आपण कुणाची कोण हे आठवत नसे. तरी आपण आहोत, हे मात्र सगळ्या अंगाला कळत असे. मग मुलं चढत. ओल्या कोटांचा, टूथपेस्टचा, केळ्याचा वास बसभर होई. फेरी संपली की नियम असा की चालकाने उठून शेवटच्या आसनापर्यंत चालत जायचं, वाकून वाकून बघायचं, एखादं लेकरू झोपून राहिलेलं नाही ना. ती जाई. आणि जाताना, कुणीच ऐकत नसल्यामुळे, मराठीत विचारी. आपण काय विचारतो याकडे तिने कधी लक्षच दिलं नव्हतं. आज या बर्फावर चालता चालता तिला पहिल्यांदा ऐकू आलं की ती ‘आत कोणी आहे का’ असंच, मोरेश्वरकाकांच्या सुरात विचारते.

उद्या नाही, परवा मंगळवार. मंगळवारपर्यंत सांग, ग्लोरिया म्हणाली होती. रूट तुझ्यासाठी ठेवू की दुसऱ्या कुणाला देऊ? निघून जायचं असेल तर तसं सांग, राग नाही. शंतनूला वाटत होतं, तिने कधीच नाही म्हणून कळवलं असेल. तिने कळवलं नव्हतं. हो म्हणूनही नाही, नाही म्हणूनही नाही. आणि शंतनूला काय सांगायचं? सहा वर्षं खोटं ‘बरं आहे’ आईला सांगताना जीभ कधी अडखळली नाही; आता खरं ‘बरं आहे’ होतं तर ते तोंडातून निघत नव्हतं. ज्याने आपल्या रडण्यापायी नोकरीतली बढती सोडली, मित्र सोडले, इथल्या डोंगरांना पाठ दाखवायची तयारी केली, त्याला आता सांगायचं की अरे, ते रडणं कधीच थांबलं होतं? मग मधल्या वर्षांत कोणासाठी जपलास तो शब्द? त्या शब्दाखेरीज त्याच्यापाशी तिला द्यायला दुसरं काही नव्हतं असं नाही, पण तोच त्याला सगळ्यांत मोठा वाटे. पोरं खिशात एखादा गुळगुळीत दगड बाळगतात तसा तो त्याने वर्षानुवर्षं बाळगला होता.

"आशू, ये!" शंतनूने हाक मारली. गुहेचं तोंड आलं होतं.

बर्फाच्या उतारावर एक वाकडी फट होती, माणूस वाकून जाईल एवढी. लिंडा आधी आत गेली, काठीने छत ठोकून आली, म्हणाली, उन्हाळ्याअखेरचा बर्फ आहे, फार रेंगाळायचं नाही, मी म्हणेन तेव्हा लगेच निघायचं. मग एकेक जण आत. आश्लेषाने पाय टाकला आणि वारा बंद झाला. बाहेरचे सगळे आवाज कुणी तरी मुठीत धरले. आत निळं होतं. शाईचं निळं नव्हे, आभाळाचं नव्हे. आई पांढऱ्या कपड्यांसाठी बादलीत निळीची पुरचुंडी बुडवी तेव्हा पहिल्या क्षणी पाण्यात जो एक निळा धूर उठे आणि हात घालायच्या आत सगळीकडे पसरे, तसं ते होतं, फक्त पसरता पसरता थांबलेलं. छत सगळं ठोक्याठोक्यांचं, तांबटाने आतून ठोकून काढलेल्या घंगाळासारखं, आणि प्रत्येक ठोक्यात थोडा थोडा उजेड साठलेला. भिंतीत हवेचे बारीक बुडबुडे अडकले होते. कुणाच्या काळातली हवा ती? कोण तेव्हा श्वास घेत होतं? तिने हातमोजा काढून तळवा भिंतीला लावला. थंडी आधी चावली, मग जळली, मग तळवा कुठे संपतो आणि बर्फ कुठे सुरू होतो ते कळेना. पायांखाली खोलवर कुठेतरी पाणी बोलत चाललं होतं, शेजारच्या खोलीत बायका हळू आवाजात बोलाव्यात तसं. शब्द कळत नाहीत, पण आपल्याविषयीच चाललंय असं वाटतं. आणि तिच्या मनात, कुणी न शिकवता, दोन ओळी जुळून आल्या.

बर्फाच्या पोटामध्ये निळं निळं पाणी गं
कुणी न ऐकलेली तिथं निजली गाणी गं

वास मात्र नव्हता. तिने नाकाने खोल ओढून पाहिलं. संत्री नव्हती, मशीनच्या वायूचा तो डोळ्यांत येणारा वास नव्हता. शीतगृहातल्या त्या दिवशी ती आठ वर्षांची असेल. पेट्यांच्या मागे, सगळ्यांत शेवटच्या बोळात ती उभी होती. का उभी होती? काही कारण नव्हतं. गार होतं, अंधार होता, हजारो संत्री तिच्या भोवती गप्प बसून होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी बघत नव्हतं. तेवढ्यात दारातून हाक आली. तिने तोंड उघडलं आणि ओ दिली नाही. भीती नव्हती, खोडीही नव्हती. ओ दिली की हे सगळं संपेल, एवढंच. काकांनी पुन्हा हाक दिली. दार हलू लागलं. जमिनीवरची उजेडाची पट्टी बारीक होत गेली, आधी चटईएवढी, मग पाटाएवढी, मग फूटपट्टीएवढी, आणि तिच्या छातीत काहीतरी पाखरासारखं फडफडलं, तरीही आवाज फुटला नाही. शेवटी शिंक आली म्हणून ती सापडली. मोरेश्वरकाकांनी मारलं नाही. हातांत उचलून बाहेर उन्हात आणलं, तिचे कान चोळले आणि म्हणाले, "पोरी, विचारलं तर ओ द्यावी गं. मला बाहेरून काय दिसतंय?" बाबांना त्यांनी हे कधी सांगितलं नाही. तिनेही नाही.

"आश्लेषा, तू लाल जॅकेटमध्ये आहेस ना, तू तिकडे वाकणाजवळ उभी राहा," लिंडा इंग्रजीत म्हणाली. "माणूस असल्याशिवाय गुहा केवढी ते फोटोत कळत नाही." शंतनूने ते जॅकेट मुद्दाम यासाठीच घेतलं होतं. सगळे आपापली तीन पायांची घोडी लावून ओळीने बसले. अंधार असल्यामुळे कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागणार होता. तेवढा वेळ हलायचं नाही, लिंडाने बजावलं. हललं की माणूस पुसट होतो, चालत गेलं तर येतच नाही. आश्लेषा वाकणाजवळ जाऊन उभी राहिली, सगळ्यांकडे पाठ करून. हे तिला सवयीचं होतं. ग्रँड कॅन्यनच्या कडेला ती अशीच उभी होती, महावृक्षांच्या बुंध्याशी उभी होती, ज्वालामुखीच्या तळ्यापाशी उभी होती. शंतनूच्या सगळ्या चांगल्या फोटोंत ती आहे, बोटभर, कडेला. तो प्रेमाने म्हणायचा, तुझ्याशिवाय यांची साइझच कळत नाही. तिला त्यात कधी डाचलं नव्हतं. आताही डाचत नव्हतं. फक्त समोरच्या निळ्या भिंतीत स्वतःचं लाल, तुटकं प्रतिबिंब बघताना तिला वाटलं, या सगळ्यांना गुहा केवढी ते कळलं. मी केवढी ते कशाच्या शेजारी उभं केलं की कळेल? बाणेरच्या गॅलरीत ती उभी राहील. खाली सोसायटीच्या गाड्या. सासूबाई प्रेमळ आहेत, सगळे प्रेमळ आहेत. स्कूलबस येईल, तिचा चालक अनयाला चढवून घेईल, आणि ती वरून हात हलवील.

"डन!" कुणीतरी म्हणालं. "थोडं डावीकडे." ती डावीकडे सरकली. "होल्ड इट." ती थांबली. पाणी बोलत राहिलं.

फोटो घेऊन झाल्यावर कांचनकाकू हळूहळू तिच्याजवळ आल्या. भिंतीला टेकून दम खात म्हणाल्या, "किती निपचित उभी राहतेस गं. मला वाटलं, मीच भूल दिली." मग थोड्या वेळाने, "लोकांना वाटतं भूल देणाऱ्याचं काम झोपवायचं. झोपवणं काय, कुणीही झोपवेल. मी उशाशी बसून असायची ती जागं करायला. गालावर थापट्या मारायच्या, नावाने हाका मारायच्या. काही माणसं लवकर यायची नाहीत वर. उठायला तयार नसायची, इतकी छान झोपलेली असायची." त्या हसल्या. "तुला जायचंय ना गं पुण्याला? म्हणजे खुशीने?"

"हो," आश्लेषा म्हणाली. शब्द इतका सहज निघाला की तिला स्वतःचाच राग आला. तोंडातून वाफ आली आणि त्या निळ्यात विरून गेली.

"बरं झालं मग," काकू म्हणाल्या आणि पुढे विषय न वाढवता आपल्या घोडीचे पाय मिटवू लागल्या. त्यांनी आणखी एकदा विचारावं, खोदून विचारावं, असं तिला वाटत राहिलं. त्यांनी विचारलं नाही. त्या अनोळखी होत्या, रात्री आपल्या विमानाने आपल्या घरी जाणार होत्या. त्यांना ‘नाही’ सांगणं किती सोपं होतं; तेही जमलं नव्हतं. मग कधी जमणार, आणि कुणापाशी? ग्लोरिया रूट दुसऱ्याला देईल, रागावणार नाही. शंतनू सामानावर चिठ्ठ्या लावील. कुणीच रागावणार नाही, हेच तर भयंकर होतं. सगळं मायेनेच होत होतं, कुठे धक्का नव्हता, कुठे कुणी ओढत नव्हतं, नुसतं एकीकडून उजेड बारीक होत चालला होता.

लिंडाने शिट्टी वाजवली. निघायचं. ती शेवटून दुसरी बाहेर आली आणि ऊन इतकं एकदम अंगावर आलं की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वारा, दगडांचा वास, कुठेतरी कावळ्यासारखा पण कावळा नव्हे असा पक्षी ओरडत होता. बर्फ उतरून सगळे दगडगोट्यांवर आले. लिंडा हेल्मेटं गोळा करू लागली. कांचनकाकू पलीकडे एका धोंड्यावर बसून पट्ट्याशी भांडत होत्या, "सूट की मेल्या!" आश्लेषाची बोटं बधिर झाली होती, तिला पट्टा सुटेना, म्हणून शंतनू तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि तिचा पाय आपल्या मांडीवर घेऊन बुटाचे लोखंडी दाते सोडवू लागला. त्याच्या केसांत कानापाशी दोनचार पांढरे दिसले. ते केव्हा आले?

"कसले फोटो आलेत माहितेय?" तो खाली बघतच बोलत होता. "एक तर असा आलाय ना, मोठा करून हॉलमध्येच लावू. आईला कालच सांगितलंय, सोफ्यामागची भिंत मोकळी ठेव. ती म्हणते, आश्लेषाला विचार तिला कुठला रंग हवा." एक पट्टा सुटला. "हा पाय दे. गारठलीयस किती. खूश आहेस ना, आशू?"

तो हे रोजच विचारी, उत्तराची वाट न बघता, जसं कुणी निघताना कडीला हात लावून बघतं. आणि ती रोजच हो म्हणे. तिने तोंड उघडलं. छातीत काहीतरी फडफडलं. तिने त्याच्या हातावर आपला बधिर हात ठेवला.

"शंतनू, ते राहू दे. वर बघ."

"काय गं? लागलं का?"

"नाही लागलं. ग्लोरियाला मी अजून काही कळवलेलं नाही."

"अगं, मग सांगून टाक ना मंगळवारी. बिचारी रूट अडवून बसली असेल."

"तिला नाही म्हणून नाही सांगायचंय मला. हो म्हणून सांगायचंय."

त्याचा हात पट्ट्यावर थांबला. काहीतरी गंमत असेल म्हणून तो हसायला लागला आणि तिच्या तोंडाकडे बघून अर्ध्यावर थांबला. "म्हणजे?" तो म्हणाला. "आशू, तिकिटं झालीत. सगळ्यांना सांगून झालंय. तूच तर..."

"मीच म्हणत होते. रोज म्हणत होते. तुला वाटलं तर तू रागाव, चांगला मोठ्याने रागाव, पण मला आधी बोलू दे, नाहीतर मी पुन्हा गप्प बसेन." तिचा आवाज फुटत होता, चढत होता, पलीकडे कांचनकाकूंचे हात थांबले आणि लिंडानेही मान वळवली, तरी तिने तो खाली आणला नाही. "तुझा शब्द तू पाळलास. तो खोटा नव्हता आणि माझं रडणंही खोटं नव्हतं. मला जायचं होतं, तेव्हा खरंच जायचं होतं रे. आता नाही."